सात मार्कांचं माणूसपण

या अंकासाठी माझ्याकडं कविता मागितली होती. झाली नाही. डोकं गरम आहे, आणि गरम डोक्यानं कागदावर बसलं की माझी कविता घोषणा होऊन जाते, हे मला आता कळायला लागलंय. म्हणून सरळ लिहितो. माझ्या थोरल्या बहिणीबद्दल लिहितो. आमच्या भाईंदरच्या खोलीतून ती गेली सहा वर्षं धड बाहेर पडलेली नाही. आणि सरकारच्या कागदावर ती जवळजवळ धडधाकट आहे.

आधी माझं सांगतो. मी गोदी कामगार. इंदिरा डॉकवर कंत्राटदाराच्या टोळीत. मॅट्रिक, तेही दुसऱ्या फटक्यात. कामाला लागलो तेव्हा टोळीतल्या एका म्हाताऱ्यानं हूक कसा धरायचा ते शिकवायच्या आधी माझ्याकडून एक तक्ता पाठ करून घेतला. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यातला तक्ता. अंगठा गेला, ३० टक्के. अंगठ्याजवळचं अख्खं बोट गेलं, १४ टक्के. एका हाताची चारही बोटं गेली, ५० टक्के. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत, ४० टक्के. टक्के कशाचे? तर माणसाची कमवायची ताकद किती गेली त्याचे. इंग्रजाच्या काळातला कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ ला नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, कायद्याचं नाव बदललं, बोटांचा हिशोब राहिला. म्हातारा म्हणायचा, "बाळा, आपल्या अंगाला भाव लागलेला आहे. तो ठाऊक पायजे. नायतर शेठ बोटं फुकटात नेईल."

खरंय. पण त्या तक्त्यात छातीतल्या धडधडीचा भाव नाही. माणूस आतून मोडला तर किती टक्के, ते त्यात नाही. म्हातारा ते शिकवू शकला नाही, कारण त्यालाही कुणी शिकवलं नव्हतं.

माझी ताई नवघर रोडच्या बाजूला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होती. आम्ही राहतो पश्चिमेला, झोपडपट्टीत. रोज रेल्वेचा पूल ओलांडायचा, दिवसभर उभं राहून भांडी घासायची, संध्याकाळी पुन्हा पूल. तिच्या पगारावर माझं शिक्षण झालं, हे इथं लिहून ठेवतो. २०१९ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी पुलावर गर्दी कोंडली. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसं चेंगरून मेली, तसं काही झालं नाही. कुणी मेलं नाही, पेपरात आलं नाही. दहा-पंधरा मिनिटं माणसं अडकली आणि मग सुटली. ताई सुटली नाही. श्वास कोंडला, हातपाय गार पडले, छाती फुटते की काय असं झालं. तिला वाटलं आपण संपलो.

दुसऱ्या दिवशी पुलाच्या पायरीशी गेली आणि तेच. मग तिनं पूल सोडला, लांबून भुयारी रस्त्यानं रिक्षानं जायला लागली. मग रिक्षातही तेच. मग बाजार सुटला. मग नोकरी सुटली. मग २०२० चा मार्च आला, २४ तारखेला टाळेबंदी जाहीर झाली, सगळा देशच घरात बसला. त्या दोन वर्षांत ताईचा आजार कुणाच्या डोळ्यात आला नाही. लोक बाहेर पडले तेव्हा कळलं की एक बाई आतच राहिली.

मी काय केलं? मी म्हणालो, "नाटकं करते." हेही लिहून ठेवतो. शेजारची मावशी म्हणाली बाहेरचं काहीतरी आहे, बाबाकडं न्या. धर्मांतराला इतकी वर्षं झालेल्या घरात बाबा! आईनं तिला हाकललं, पण आईलाही दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि बाकी सगळे काय म्हणाले ऐका. म्हणाले, पोरगी चांगल्या वळणाची आहे, घर सोडत नाही. बाई घरात कोंडून पडली तर तिला आजारी म्हणत नाहीत दोस्तहो, तिला संस्कारी म्हणतात.

*

२०२३ साली मी १४४१६ हा नंबर लावला. टेली-मानस म्हणून केंद्र सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली. पलीकडची बाई चांगली होती. तिनं ताईशी अर्धा तास बोलून आजाराचं नाव सांगितलं : अ‍ॅगोराफोबिया. मग दवाखान्यात डॉक्टरनंही तेच लिहिलं.

मी नावाच्या मागं लागलो. १८७१ साली वेस्टफाल नावाच्या जर्मन डॉक्टरनं हे नाव ठेवलं. अ‍ॅगोरा म्हणजे जुन्या ग्रीकांचा बाजारचौक. जिथं गाव जमतं, जिथं सौदा होतो, जिथं न्यायनिवाडा होतो ती जागा. त्या जागेचं भय. मला हसू आलं, आणि मग हसू आलं नाही. बाजारचौकाचं भय ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी युरोपनं एक शब्द काढला. बाजारचौकात ज्यांना पाऊल टाकू दिलं नाही त्यांच्यासाठी आपल्या देशानं शास्त्र काढलं. आमच्या पूर्वजांच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधला, सावली पडते म्हणून वेळा ठरवल्या. रस्ता, पाणवठा, चावडी ही आमच्यासाठी कधी नुसती जागा नव्हतीच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले ते काय फक्त पाणी प्यायला? सगळ्यांच्या जागेत आमचं शरीर उभं करायला गेले. आता त्याच समाजातली एक बाई सगळ्यांच्या जागेत उभी राहू शकत नाही. तिच्या आजारपणाला जात कारण आहे असं मी म्हणत नाही. हा आजार बंगल्यातल्या बाईलाही होतो. पण बंगल्यात संडास आत असतो. माझ्या ताईला तो गल्लीच्या टोकाला आहे. ती पहाटे चारला आईचा हात धरून जाते, आणि मग दिवसभर पाणी कमी पिते. डॉक्टरांच्या पुस्तकात "घराबाहेर पडत नाही" असं एक वाक्य असतं. झोपडपट्टीत त्या वाक्याचा अर्थ मूतखडा असाही होतो.

या आजाराला उपचार आहे. हे मोठ्यानं सांगितलं पाहिजे. औषधं आहेत. आणि थोडं थोडं करून भीतीच्या जागी नेणं आहे : आज दारापर्यंत, आठ दिवसांनी नळापर्यंत, महिन्यानं रिक्षास्टँडपर्यंत. पळ काढला की भीती वाढते, टिकून राहिलं की हळूहळू उतरते, असं ते शास्त्र. पण नेणार कोण? मी नेलं तर माझा खाडा. कंत्राटी कामगाराला खाडा म्हणजे त्या दिवसाची चूल. आई नेते तेव्हा आईची दोन घरची भांडी बुडतात. म्हणून पैसा पाहिजे. भीक म्हणून नको. ताईला परत कामावर नेणाऱ्या रस्त्याचं भाडं म्हणून पाहिजे. घटनेच्या ४१ व्या कलमात राज्यानं आजारपणात आणि अपंगपणात मदतीची तरतूद करावी असं लिहिलेलं आहे. आम्ही तेच मागायला गेलो.

*

आता सरकारची मोजणी बघा.

डॉक्टर लोकांच्या पुस्तकात या आजाराच्या पाच जागा दिल्यात. एक, बस-रेल्वे. दोन, मोकळं मैदान. तीन, कोंडलेली जागा. चार, रांग किंवा गर्दी. पाच, घराबाहेर एकटं असणं. यातल्या दोन जागांचं भय सहा महिने राहिलं की आजार पक्का.

आणि अपंगाचा दाखला मिळवायला काय करावं लागतं? १ जून २०२१ पासून दाखला फक्त केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून. अर्ज ऑनलाइन, छान. पण तपासणी? तारीख येते, माणसानं अंगानं हजर व्हायचं. म्हणजे लोकलनं किंवा बसनं जायचं. दवाखान्याचं पटांगण ओलांडायचं. लिफ्टमध्ये किंवा बोळात कोंडून उभं राहायचं. केसपेपरची रांग, मग सहीची रांग, मग शिक्क्याची रांग. आतमध्ये नाव पुकारलं की एकट्यानं जायचं. पाचच्या पाच! ज्यानं कुणी ही पद्धत बसवली त्यानं आजाराचं पुस्तक समोर ठेवूनच बसवली असावी.

पहिल्या तारखेला ताई दवाखान्याच्या फाटकातून परत फिरली. कपडे घामानं भिजले होते. मी रिक्षात तिच्यावर ओरडलो. दुसऱ्या तारखेला आम्ही पहाटे पाचलाच नेऊन तिला एका कोपऱ्यात बसवली, डोक्यावर ओढणी, माझा हात घट्ट. साडेबाराला नंबर लागला. आत साहेबांनी वर न बघता विचारलं, "घराबाहेर पडता येत नाही म्हणता, मग इथं कशा आलात?"

या एका प्रश्नात सगळी व्यवस्था आहे दोस्तहो. आली तर आजार खोटा. नाही आली तर अर्ज निकालात. लंगड्याला कुणी म्हणतं का, की तू कुबडीवर आलास म्हणजे तुला पाय आहेत?

मग मोजपट्टी. मानसिक आजाराचं अपंगत्व मोजायला आयडियाज नावाची पट्टी आहे. २००२ साली भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या समितीनं केलेली, आणि ४ जानेवारी २०१८ च्या केंद्राच्या सूचनांनीही तीच पुढं चालवली. चार खाती : स्वतःची काळजी, माणसांशी नाती, बोलणं-समजणं, आणि काम. प्रत्येक खात्याला चार मार्क. वर आजाराच्या वर्षांचे चार. एकूण वीस. वीसपैकी सात पडले तर ४० टक्के, आणि ४० टक्के झाले तरच कायद्याच्या लेखी तुम्ही सवलतीला लायक अपंग. आम्ही मॅट्रिकला १०० त ३५ ला पास झालो. इथं वीसात सात. गंमत म्हणजे पट्टी उलटी आहे : जितकं बरबाद व्हाल तितके मार्क जास्त.

ताईचा पेपर सांगतो. स्वतःची काळजी : अंघोळ करते, केस विंचरते. शून्य. नाती : आई-भावाशी नीट वागते. एक. बोलणं-समजणं : सरळ बोलते. शून्य. काम : नोकरी गेली, पण घरी स्वयंपाक करते ना? दोन. वर्षं : पाच. दोन मार्क. बेरीज पाच. नापास! चाळीसच्या खाली. पांढरं कार्ड मिळालं. पांढऱ्या कार्डावर पेन्शन नाही.

यात दोन लबाड्या आहेत, त्या नीट समजून घ्या.

पहिली. या चार खात्यांत "घराबाहेर पडणं" हे खातंच नाही. माणूस उंबरठा ओलांडू शकतो की नाही हे विचारायलाच जागा नाही. ज्या आजाराचं सगळं दुखणं उंबरठ्यावर आहे त्या आजाराला उंबरठा वगळून मोजतात. आणि असं नाही की जगाला सुचलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० साली काढलेल्या पट्टीत सहा खाती आहेत, त्यात हिंडण्याफिरण्याचं वेगळं खातं आहे, आणि घरातून बाहेर पडताना किती अडचण येते असा सरळ प्रश्न आहे. आपल्याकडं तो प्रश्न नाही.

दुसरी. बाईचं घरकाम. जन्मभर ज्या कामाला काम म्हटलं नाही, ज्याची मजुरी दिली नाही, जनगणनेत जी बाई "काही करत नाही" म्हणून लिहिली, तिचं घरकाम अपंगाच्या दाखल्यावर मात्र एकदम काम होतं! पैसे द्यायच्या वेळी काम नव्हे, पैसे नाकारायच्या वेळी काम. याला हिशोब म्हणत नाहीत, याला दरोडा म्हणतात.

आणि मूळ कायदा काय म्हणतो? २०१६ चा अपंग हक्क कायदा, १९ एप्रिल २०१७ ला लागू झालेला. पूर्वी १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, ते एकवीस केलं. मानसिक आजाराच्या व्याख्येत जीवनाच्या साध्या गरजा भागवायची कुवत फार ढासळणं हे स्पष्ट धरलेलं आहे. संडासला जाणं, भाजी आणणं, कामावर जाणं याच्याहून साधी गरज कुठली? कायद्याची व्याख्या ताईला आत घेते, पट्टी तिला बाहेर काढते. कायदा दारावर लावायला, पट्टी कामाला.

*

आता पैशाचं. संजय गांधी निराधार योजना १९८० सालची. २०२३ ला महिना १५०० झाले, सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं अपंगांसाठी २५०० केले. चांगलं केलं, नाही म्हणत नाही. २५०० म्हणजे दिवसाला त्र्याऐंशी रुपये. पण ते कुणाला? ४० टक्केवाल्याला, आणि ज्याचं वर्षाचं उत्पन्न पन्नास हजारांच्या आत आहे त्याला. म्हणजे महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट. मुंबईच्या आसपास चार हजारांत कुठलं कुटुंब जगतं ते मंत्र्यांनी येऊन दाखवावं. माझी मजुरी धरली की ताई बाद. अपंगाला पेन्शन पाहिजे तर भावानं उपाशी राहावं किंवा कागदावर खोटं लिहावं. खोटं लिहायला लावायचं आणि मग खोटारडे म्हणून पकडायचं. केंद्राची अपंग पेन्शन तर बोलायलाच नको. त्यांना ८० टक्के पाहिजेत, वर दारिद्र्यरेषेखालचं कार्ड, आणि देणार किती? ३०० रुपये!

आता दुसरी बाजू. जुलै २०२४ ला लाडकी बहीण योजना आली. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. फॉर्म मोबाइलवर. गल्लीतल्या पोरानं आमच्या दारात बसून ताईचा फोटो काढला, आधार टाकला, झालं. थोड्याच दिवसांत १५०० खात्यात. नोव्हेंबरात विधानसभा होती ना! लाडक्या बहिणीला अडीच लाखांची मर्यादा आणि अपंग बहिणीला पन्नास हजारांची. लाडक्या बहिणीचा फॉर्म दारात, अपंग बहिणीनं मात्र रांगेत. ते पैसे ताई घेते. घेणारच. पण मला एवढंच विचारायचंय : दारात येता येतं हे तर तुम्हीच सिद्ध केलंत की नाही?

आणखी ऐका. २०२४ च्या लोकसभेला निवडणूक आयोगानं पंच्याऐंशीच्या वरच्या म्हाताऱ्यांच्या आणि ४० टक्के अपंगांच्या घरी मतदान नेलं. अधिकारी, पोलीस, पेटी, सगळं घरी. नोव्हेंबर २०२० पासून पोस्टमन पेन्शनवाल्या साहेबांच्या घरी जाऊन हयातीचा दाखला काढून देतो. २५ मार्च २०२० ला, टाळेबंदी जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, डॉक्टरांनी फोनवर आणि व्हिडिओवर रोगी तपासावा म्हणून नियम निघाले. म्हणजे मत न्यायला घरी येता येतं. साहेब जिवंत आहे का ते बघायला घरी येता येतं. औषध लिहायला व्हिडिओ चालतो. फक्त दाखला द्यायला चालत नाही. दाखल्याला रांगच पाहिजे. का? कारण रांग हीच गाळणी आहे. जे रांगेत टिकत नाहीत ते आपोआप गळतात, आणि सरकारला कुणालाही "नाही" म्हणावं लागत नाही. हात स्वच्छ!

*

"पण बोगस फार आहेत हो," असं म्हणणारे पांढरपेशे आता उठतीलच. उठा.

२०२४ च्या जुलैत पूजा खेडकर प्रकरण गाजलं. आयएएसची प्रशिक्षणार्थी, अपंगाच्या सवलतीत निवड, त्यात मानसिक आजाराचाही दावा. ३१ जुलैला यूपीएससीनं उमेदवारी रद्द केली. प्रकरण कोर्टात आहे, निकाल कोर्ट देईल. पण तिथून पुढं काय झालं? टीव्हीवर महिनाभर "मानसिक अपंगत्व" हा शब्द शिवीसारखा वापरला. त्यानंतर आम्ही तिसऱ्यांदा गेलो तेव्हा खिडकीतला माणूस बोल्ला, "हल्ली मेंटलवाल्यांची फार चौकशी लागते." भांडण कुणाचं? गाडी-बंगलेवाल्यांचं. मार कुणाला? भाईंदरच्या झोपडीतल्या बाईला. राखीव जागांचंही असंच करतात हे तुम्हाला सांगायला नको. एक खोटा दाखला सापडला की सगळी जमात खोटी, आणि खऱ्यानं जन्मभर आपलं खरेपण सिद्ध करत बसायचं.

ही तऱ्हा इंग्लंडातही चालते. तिथं २०१३ पासून अपंगांना पीआयपी नावाचा भत्ता आहे, त्यात हिंडण्याफिरण्याचे वेगळे मार्क आहेत. प्रचंड मानसिक त्रासामुळं कुठलाही प्रवास करता येत नाही, असं एक कलम त्यात सरळ छापलेलं आहे. म्हणजे ताईचाच आजार. २०१७ च्या मार्चमध्ये सरकारनं नियम बदलला : हिंडता न येण्याचं कारण मानसिक त्रास असेल तर बहुतेक मार्क कापायचे. पंतप्रधानांच्या धोरण-विभागाचा मुख्य जॉर्ज फ्रीमन म्हणाला की पैसा खऱ्या अपंगांना गेला पाहिजे, घरी बसून गोळ्या घेणाऱ्यांना नको. बोंब झाली तेव्हा माफी मागितली. एक बाई नाव झाकून कोर्टात गेली. २१ डिसेंबर २०१७ ला हायकोर्टानं तो नियम उघडउघड भेदभाव करणारा म्हणून रद्द केला. सरकारला सोळा लाख प्रकरणं पुन्हा तपासायची पाळी आली. २०२५ च्या मार्चमध्ये दुसऱ्या पक्षाच्या सरकारनं पुन्हा मार्क कडक करायला घेतले, अपंग आणि त्यांच्या संघटना उठल्या, खासदार बिथरले, १ जुलैला सरकारला तो बदल मागं घ्यावा लागला.

धडा काय? "खरा अपंग" आणि "खोटा अपंग" ही भाषा सगळीकडचे राज्यकर्ते वापरतात. आणि दुसरा धडा : लढलं तर नियम मागं घेता येतो. तिथल्या बायका-पुरुषांनी, ज्यांतल्या कितीकांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांनी घरात बसून सरकार वाकवलं.

आपल्याकडं तर नावंच गोड ठेवायची खोड. २७ डिसेंबर २०१५ ला पंतप्रधान रेडिओवर म्हणाले, अपंग म्हणू नका, दिव्यांग म्हणा. खात्यांची नावं बदलली, पाट्या रंगल्या. आम्हाला हा खेळ पाठ आहे. गांधींनी आम्हाला हरिजन म्हटलं. १९३८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्या शब्दावरून बाबासाहेब आपल्या लोकांना घेऊन बाहेर पडले. ज्याला हक्क द्यायचा नसतो त्याला देवाशी जोडून द्यायचं. माझ्या ताईचं अंग दिव्य नाही. तिला संडासला जायचंय.

*

आता आपल्याकडं वळतो, कारण नुसतं सरकारला शिव्या देऊन हा लेख संपवला तर मी लबाड ठरेन.

आपली चळवळ रस्त्यावरची. रस्त्यावर उतरा, हे आपलं पहिलं वाक्य आणि शेवटचं. बरोबरच आहे. पण जो उतरू शकत नाही त्याला आपण काय म्हणतो? आपल्यातच एक पोरगा होता. अक्षर सुंदर, रात्र रात्र बसून बॅनर रंगवायचा. मोर्च्याच्या दिवशी गायब. आपण त्याला फुसका म्हणालो, भेकड म्हणालो. मी सगळ्यात जास्त म्हणालो. एकदा सगळ्यांसमोर त्याच्या हातात बांगड्या ठेवल्या. तो परत आला नाही. आता वाटतं, तो स्टेशनच्या पायरीपर्यंत येऊन परत जात असेल. माहीत नाही. विचारलंच नाही कुणी. ज्याला आपण धैर्य म्हणतो ते आपल्याला फुकट मिळालेलं आहे, छाती शाबूत आहे म्हणून. ताई पहाटे चारला गल्लीच्या टोकापर्यंत जाते त्याला जेवढं धैर्य लागतं तेवढं मला लाठीसमोर कधी लागलं नाही.

६ डिसेंबरला आम्ही चैत्यभूमीला जातो. ताई घरी थांबते. खिडकीशी मेणबत्ती लावते आणि वंदना म्हणते. गेल्या वर्षी मी परत आलो तर म्हणाली, "तू माझ्या वाटचा पण वाकलास ना रे?" मी हो म्हणालो. खरं म्हणजे गर्दीत मी विसरलो होतो.

तर दोस्तहो, मागण्या लिहितो. त्या कवितेसारख्या नाहीत, पण पाठ करा.

एक : ज्याचा आजारच बाहेर न पडण्याचा आहे त्याची तपासणी घरी किंवा व्हिडिओवर झाली पाहिजे. पेटी घरी येते, डॉक्टरही येईल.

दोन : मोजपट्टीत घराबाहेर पडण्याचं खातं घाला.

तीन : बाईचं घरकाम तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरणं बंद करा.

चार : पन्नास हजारांची मर्यादा फेका. लाडक्या बहिणीला अडीच लाख, तर अपंगाला त्याच्या खाली का? आणि भावाच्या मजुरीवर बहिणीचा हक्क मोजू नका.

पाच : दरवर्षीचा हयातीचा दाखला, आधारचे ठसे, खात्याची जोडणी, सगळं दारात. पैसे थेट खात्यात येणार म्हणून २०२४-२५ साली मोठा गाजावाजा झाला. त्या खात्यासाठी बँकेच्या रांगेत अंगठा द्यायला कोण जाणार, ते कुणी बोललं नाही.

सहा, ही आपल्यासाठी : प्रत्येक वस्तीत दोन पोरं-पोरी ठरवा. बंद दारांची यादी करा. बाहेर न येणारा आळशी आहे, बाधलेला आहे, संस्कारी आहे असं कुणी म्हणालं की त्या घरात जाऊन बसा. अर्ज भरा. पांढरं कार्ड आलं असेल तर ५९ व्या कलमाखाली अपील करा, कायद्यात ते आहे. तारखेला जोडीनं जा, रांगेत आपण उभे राहा, माणसाला सावलीत बसवा. मला ताईला न्यायला एकटं जावं लागलं. दुसऱ्या कुणाला लागू नये.

ताईचं अपील आम्ही टाकलंय. तारीख आली की पुन्हा जायचं आहे. त्यासाठी सध्या रोज रात्री अकरानंतर, गल्ली झोपली की, ती आणि मी नळापर्यंत जातो. मागच्या आठवड्यात नळाच्या पुढच्या खांबापर्यंत गेलो. तिथं ती थांबली, माझा दंड इतका घट्ट धरला की गोणीची वळं उठतात तशी वळं उठली. मी मोजत होतो. तीन मिनिटं उभी राहिली. मग म्हणाली, "चल." मला वाटलं घरी चल म्हणते. ती पुढच्या खांबाकडं निघाली होती.

याचे किती मार्क देणार, साहेब?

जय भीम.